इंजिन बदलले, ब्रॅकेट कोण तपासणार?

हिरो इम्पल्सच्या फ्रेममध्ये करिझ्माचे इंजिन उचलून ठेवले की पहिल्या नजरेला ते आता बसलेच असे वाटते. बोल्ट घालायला घेतले की कळते, भोके जुळत नाहीत. कुठे बोटभर जागा उरते, तर कुठे इंजिनाचा कान फ्रेमच्या पाइपाला घासतो. मधली ही तफावत भरून काढण्यासाठी पोलादाचे दोन-चार तुकडे कापावे, भोके पाडून वेल्ड करावे लागतात. त्यांना माउंटिंग ब्रॅकेट म्हणतात. नव्या कार्ब्युरेटरची, सायलेन्सरची, टायरची चर्चा मित्रमंडळींत तासन्‌तास रंगते. ब्रॅकेटचा फोटो कोणी काढत नाही. तरीही धावत्या गाडीत इंजिन जागेवर राहणार की नाही, हे ठरते ते याच काही शे रुपयांच्या लोखंडावर.

इम्पल्सचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. होंडापासून वेगळे झाल्यावर हिरोने 2011 मध्ये ही गाडी सादर केली. उंच सीट, लांब सस्पेन्शन, खड्ड्यांची पर्वा नसलेली पुढची चाकजोडणी असा सगळा सरंजाम होता. भारतात सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी कच्च्या रस्त्याची मोटरसायकल तेव्हा दुसरी नव्हती. अडचण एकच होती, इंजिन 149 सीसीचे आणि ताकद जेमतेम 13 अश्वशक्तीची. घाटात, चिखलात, वाळूत गाडीचे अंग तयार, पण दम पुरत नाही. दुसऱ्या बाजूला 2003 पासून रस्त्यावर असलेली करिझ्मा होती. तिचे 223 सीसीचे, 17 अश्वशक्तीचे, हवेवर थंड होणारे इंजिन होंडाच्याच घराण्यातले. जुन्या बाजारात ते मिळतही असे. देशभरच्या हौशी पोरांनी दोन आणि दोन चार केले आणि इम्पल्सच्या अंगात करिझ्माचे इंजिन घालण्याची एक लाटच आली. पुढे 2019 मध्ये सुमारे एक लाखाच्या किमतीत एक्सपल्स 200 आली आणि या खटाटोपाची गरज थोडी कमी झाली. हौस मात्र कमी झाली नाही. आयात केलेल्या खऱ्या डर्ट बाइकची किंमत सीमाशुल्कासह पाहिली की अनेकांना पुन्हा आपल्या गल्लीतला वेल्डर आठवतो.

ती गल्ली मिरा-भाईंदरमध्ये असेल, तर वेल्डर शोधत फार हिंडावे लागत नाही. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांची ओळख स्टीलच्या भांड्यांसाठी. पण जिथे भांडी बनतात तिथे प्रेस लागते, डाय लागतात, डाय दुरुस्त करणारा टर्नर लागतो, पत्रा कापणारे यंत्र लागते, आर्गन वेल्डिंग मारणारा हात लागतो. त्यामुळे सहा मिलिमीटरची प्लेट लेसरवर कापून, भोके अचूक पाडून, बुश लेथवर बनवून आणि सगळे जोडून घेण्याची सोय एका फेरफटक्याच्या अंतरात असते. पुण्या-मुंबईतल्या चकचकीत कस्टम गॅरेजांच्या जाहिराती होतात. ‘वर्देंची’ या नावाने अक्षय वर्दे यांनी बुलेटला दिलेली रूपे मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली. भाईंदरच्या गाळ्यातल्या कारागिराचे नाव त्याच्या वहीबाहेर जात नाही, पण ब्रॅकेट बनवण्याचे कसब दोन्हीकडे तेच लागते.

या कामातली पहिली गोम अशी की इंजिन कुठे बसणार, हे ब्रॅकेट ठरवत नाही. ते चेन ठरवते. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत हवे. त्यासाठी सरळ पट्टी लावतात किंवा दोरी ताणून पाहतात. रेषा तिरकी गेली की चेन स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने खाऊ लागते. मग पाहायचे स्विंगआर्मच्या धुरीपासून पुढच्या स्प्रॉकेटचे अंतर. डर्ट बाइकचे मागचे चाक वीतभर वरखाली होते. स्प्रॉकेट धुरीपासून लांब गेले, तर चाक वर जाताना चेन कधी तारेसारखी ताणली जाते, कधी लोंबते. त्यानंतर येते इंजिनाची तिरकस बैठक, किक मारायला मोकळी जागा, सायलेन्सरच्या पाइपाचे वळण, आणि उडी मारून गाडी खाली आपटल्यावर पुढचे चाक इंजिनाच्या किती जवळ येते ते. एक गोष्ट तर हमखास विसरली जाते. टाकीखाली टॅपेटचे झाकण उघडायला जागा ठेवली नाही, तर प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह सेट करण्यासाठी अख्खे इंजिन उतरवावे लागते. तेव्हा मालक वेल्डरच्या नावाने बोटे मोडतो. वेल्डरने मात्र सांगितले तेवढेच केलेले असते.

जाणकार कारागीर पूर्ण इंजिन घेऊन ही जुळणी करत नाहीत. आतले सगळे काढलेला रिकामा क्रँककेस वापरतात. तो हलका असतो, हवा तसा सरकवता येतो. लाकडी ठोकळे आणि जॅक यांच्यावर तो जागेवर आणायचा, मग पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा. फर्मा बसला की तीच आकृती पत्र्यावर, आणि शेवटी जाड प्लेटवर. प्लेट बोल्टने क्रँककेसला घट्ट करून फ्रेमला नुसते टाके मारायचे. पूर्ण वेल्डिंग करण्याआधी खरे इंजिन गाडीत असेल, तर ते बाहेर काढायचे. कारण वेल्डिंगच्या करंटला परतीचा रस्ता हवा असतो. अर्थिंगचा चिमटा चुकीच्या जागी लागला, तर तो रस्ता इंजिनाच्या बेअरिंगमधून जातो आणि गुळगुळीत गोळ्यांवर खड्डे पाडतो. नुकसान महिन्याभराने आवाज होऊन बाहेर येते, तोवर कारण कोणाच्या ध्यानीमनीही नसते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, सोडवणे हाही त्याच शिस्तीचा भाग.

वेल्डिंग थंड होताना आकसते. टाक्यांवर तंतोतंत जुळलेले भोक पूर्ण वेल्डनंतर सरकलेले सापडते. म्हणून भोकांतून एक सरळ सळई आरपार घट्ट करून ठेवतात आणि आळीपाळीने, तुकड्यातुकड्याने वेल्ड भरतात. हे न करता नंतर पहार घालून इंजिन ओढून बोल्ट बसवणारे आहेत. असा ओढून बसवलेला बोल्ट पहिल्या दिवसापासून ताणाखाली असतो. गाडी सुरू होण्याआधीच ब्रॅकेटच्या आयुष्यातला मोठा वाटा खर्च झालेला असतो.

आता ताकदीचा हिशेब. ‘इंजिन तीसेक किलोचे, एवढ्या वजनाला सहा मिलिमीटरची प्लेट म्हणजे डोक्यावरून पाणी,’ असे सांगणारे चौकाचौकात भेटतात. वजन हा इथे प्रश्नच नाही. करिझ्माच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे 18 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनापासून पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत फेरे आठपट घटतात असे धरले, तर स्प्रॉकेटच्या शाफ्टवर 144 न्यूटन-मीटर येतात. पंधरा दात्यांच्या लहान स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम तीन सेंटिमीटर. भागाकार केला की चेनची ओढ निघते 4,800 न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोंच्याही वर. पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की इंजिनाला मागे, आणि तेही एका बाजूने, ओढणारी शक्ती ही आहे. इंजिनाच्या वजनाच्या पंधरापट. चढावर क्लच झटक्यात सोडला, तर त्याहून जास्त. म्हणून मागच्या, स्प्रॉकेटजवळच्या ब्रॅकेटवर सर्वाधिक भार येतो आणि पुढचा, वरचा ब्रॅकेट मुख्यतः इंजिनाला फिरू देत नाही.

एवढी ओढही चांगले पोलाद सहज पेलते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आयएस 2062 दर्जाच्या प्लेटची सहनशक्ती प्रति चौरस मिलिमीटर 250 न्यूटन. खरा शत्रू वेगळा आहे. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 7000 फेरे घेते तेव्हा तासाला 4 लाख 20 हजार वेळा थरथरते. फक्त 24 तास असे चालले की ब्रॅकेटने एक कोटी झटके खाल्लेले असतात. प्रशियाच्या रेल्वेतला इंजिनिअर ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले होते की, एकदा दिला तर लोखंडाला जाणवणारही नाही असा भार लाखो वेळा दिला, तर ते मोडते. कुठे मोडते? बहुतेक वेळा प्लेटच्या मध्यभागी नाही. वेल्डच्या काठाला, काटकोनात कापलेल्या आतल्या कोपऱ्यात किंवा कडेला चिकटून पाडलेल्या भोकापाशी.

त्यामुळे ‘जाड प्लेट लाव, काम खल्लास’ हा गल्लीतला सल्ला अर्धवट आहे. मोटरसायकलच्या फ्रेमचा पाइप पातळ असतो. त्याच्यावर जाडजूड प्लेट उभी वेल्ड केली, तर प्लेट शाबूत राहते आणि पाइप फाटतो. भार पसरवायचा असेल, तर पाइपावर आधी अर्धगोल पट्टी चढवावी, कोपरे गोल कापावे, आधाराची गसेट अचानक संपू न देता निमुळती करावी. पाइपाला आरपार भोक पाडून बोल्ट घालायचा असेल, तर आत बुश वेल्ड करावा, नाहीतर बोल्ट कसताना पाइप चेपतो. ॲल्युमिनियमचे वेड हा आणखी एक प्रकार. 6061 जातीची कठीण केलेली प्लेट साध्या पोलादाच्या तोडीची असते, हे खरे. पण तिला आर्गन मारला की वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यातली सहनशक्ती निम्म्यावर येते. ॲल्युमिनियम बोल्टने जोडायचे, वेल्ड करायचे नाही. ज्यांनी ते ओळखले, त्यांचे ब्रॅकेट टिकले.

हे वेड भारतीय नाही, आजचेही नाही. इंग्लंडमध्ये नॉर्टन कंपनीने 1950 मध्ये रेक्स मॅककँडलेसने घडवलेली ‘फेदरबेड’ फ्रेम रेसिंगमध्ये उतरवली. वळणावर ती जमिनीला धरून चाले. त्याच काळात 500 सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे होते. कंपनी सुटे इंजिन देईना, म्हणून ते आख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढत आणि फ्रेम विकून टाकत. त्या रिकाम्या फ्रेममध्ये तरुणांनी ट्रायम्फचे इंजिन घातले. त्या गाडीचे नाव पडले ‘ट्रायटन’. दोघांना जोडत होत्या त्या धातूच्या इंजिन प्लेट, म्हणजे आपले ब्रॅकेटच. मागणी इतकी वाढली की त्या प्लेट तयार विकल्या जाऊ लागल्या.

भारतात हौसेपेक्षा पोटाने हे काम जास्त करवले. सौराष्ट्रातल्या छकडा रिक्षांत बुलेटच्या पुढच्या भागाला डिझेल इंजिन जोडून वर्षानुवर्षे माणसे आणि माल वाहिला गेला. ग्रीव्हजचे 325 सीसी, साडेसहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बुलेटच्या फ्रेममध्ये घालणारे कारागीर उत्तरेत ठिकठिकाणी होते. शेवटी 1993 मध्ये रॉयल एनफील्डनेच ‘टॉरस’ ही डिझेल बुलेट काढली. महाराष्ट्रात जुन्या पेट्रोल जीपांच्या पोटात डिझेल इंजिने गेली. हौसेखातर मात्र अमेरिकेत ओहायोत राहणाऱ्या अनिकेत वर्धन यांनी बुलेटच्या दोन सिलिंडरांचे व्ही-ट्विन इंजिन स्वतःच्या गॅरेजमध्ये घडवून बुलेटच्याच फ्रेममध्ये बसवले, साचे लाकडात स्वतः कोरून.

आणि मिरा-भाईंदरकरांना इतके लांब जायचीही गरज नाही. उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर मासेमारी बोटींत लेलँडसारखी ट्रकच्या कुळातली इंजिने चालतात. बोटीत इंजिनाखालचा पाया आणि पंख्याचा शाफ्ट यांची रेषा जुळली नाही, तर बेअरिंग जाते आणि भर समुद्रात बोट उभी राहते. म्हणून कपलिंगच्या दोन चकत्यांमधल्या फटीत फिलर गेज घालून ती चारी बाजूंनी सारखी आहे का ते पाहतात, कमी पडेल तिथे पायाखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग सारतात. हे गणित मोटरसायकलच्या चेनरेषेचेच. कोळी तांडेल त्यावर स्वतःचा जीव लावतो, म्हणून तो ते काटेकोर करून घेतो.

मोटरसायकलच्या बाबतीत मात्र कायदा मधे येतो आणि तो साधा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाच्या निकालात हे आणखी ठामपणे सांगितले आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला सारला. त्याच वर्षी कायद्यात कलम 182-अ आले. त्यातल्या चौथ्या पोटकलमानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुस्तकात 149 सीसी आणि पोटात 223 सीसी, शिवाय इंजिन नंबर वेगळा, म्हणजे गुन्हा उघड आहे. अपघात झाला, तर विमा कंपनीशी भांडण्याचा मार्गही जवळजवळ बंद.

निव्वळ रस्त्यापुरते पाहिले, तर हा कायदा बरोबर आहे. ज्याचा ब्रॅकेट कोणी तपासलेला नाही, अशी गाडी घोडबंदर रस्त्यावर ट्रकांच्या मधून जाऊ नये. चालत्या गाडीत मागचा ब्रॅकेट तुटला, तर इंजिन तिरके होते, चेन निसटते किंवा चाकात अडकते, आणि मागचे चाक जागच्या जागी थांबू शकते. जीव फक्त चालवणाऱ्याचा जात नाही.

प्रश्न पुढचा आहे. कायदा ‘नाही’ म्हणतो, पण पाहत काहीच नाही. पुण्यात, नागपूरला पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे छापून आली. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सायलेन्सर ऐकू येतो, म्हणून सापडतो. ब्रॅकेट ऐकू येत नाही. मूळ सायलेन्सर लावलेली, आवाज न करणारी, पण फाटलेल्या वेल्डवर इंजिन लोंबकळणारी गाडी नाक्यावरून आरामात जाते. म्हणजे कारवाई गोंगाटावर होते, धोक्यावर नाही. आणि बंदीमुळे काम थांबलेले नाही, ते फक्त पावतीशिवाय होऊ लागले आहे. पावती नाही म्हणजे कोणत्या दर्जाची प्लेट वापरली, वेल्ड कोणी भरला, इंजिन कुठून आले, याचा मागमूस नाही. चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा नेमका याच अंधारात चालतो.

याच कायद्याने दुसरीकडे दार उघडे ठेवले आहे. सीएनजी, एलपीजी, बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट लावून इंजिनात बदल करायला कलम 52 च परवानगी देते. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक करण्याच्या किटसाठी एआयएस-123 हे मानक आहे. ठाण्याच्या ‘गोगोए1’ या कंपनीने हिरो स्प्लेंडरसाठी बनवलेले इलेक्ट्रिक किट 2021 मध्ये आरटीओमान्य म्हणून बाजारात आले, किंमत 35 हजार. म्हणजे स्प्लेंडरचे इंजिन काढून पूर्ण वेगळी शक्तिव्यवस्था बसवता येते, कारण ती कोणीतरी तपासली आहे. पेट्रोलचे इंजिन काढून पेट्रोलचेच दुसरे घातले, तर ते तपासायला कोणी नाही, म्हणून गुन्हा. प्रदूषण हे वेगळे ठेवण्याचे एक कारण आहे, मान्य. पण मग प्रदूषणाची अट घाला, जसे नळकांडीला पाइप लावून पीयूसी काढतातच. ब्रॅकेटच्या सुरक्षिततेचा त्याच्याशी संबंध नाही.

ब्रिटनमध्ये एकट्या-दुकट्या बनवलेल्या मोटरसायकलसाठी ‘सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ची तपासणी आहे. सरकारी निरीक्षक ती एक गाडी पाहतो, ब्रेक, दिवे, आवाज, जोडणी तपासतो आणि पास झाली तर ती रस्त्यावर येते. जर्मनीत ट्यूव्हसारख्या संस्थांचे तज्ज्ञ एका गाडीतला एक बदल तपासून कागदावर नोंदवतात; कागद नसेल तर गाडी बाजूला. तिथे हौशी माणसे शिव्या घालतात, पैसे भरतात आणि वेल्ड नीट करून आणतात. त्या शिव्यांत अर्थ आहे, कारण त्या एका माणसाला घातलेल्या आहेत, ज्याने ब्रॅकेट खरोखर पाहिला.

महाराष्ट्राला तर हे सगळे उसने आणायला नको. नव्या गाडीचे नमुने तपासणाऱ्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियम 126 मध्ये येतात, त्यांतल्या तीन याच राज्यात आहेत. पुण्याची एआरएआय 1966 पासून, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. त्यांचे दार सध्या उत्पादक आणि आयातदारांसाठी उघडते, भाईंदरच्या गाळ्यातून आलेल्या एका पोरासाठी नाही. आणि तपासायचे काय, याची समज विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेली आहे. एसएईइंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची ‘बाहा’ स्पर्धा 2007 पासून पिथमपूरला होते. पुण्याच्या सीओईपीपासून अनेक मराठी महाविद्यालयांची मुले तिथे पाइपांची बग्गी बनवून नेतात. पेट्रोल गटात सगळ्यांना एकच 10 अश्वशक्तीचे इंजिन मिळते. पाइपाच्या पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के हवा इथपासून नियम आहेत, आणि वेल्डचा नमुना तोडून दाखवावा लागतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला जी शिस्त लावता येते, ती गॅरेजवाल्याला लावता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

सामान्य तपासणी महागही नाही. वेल्डवरची डोळ्याला न दिसणारी चीर पाहायला तीन फवाऱ्यांचा डाय-पेनिट्रंट संच पुरतो. पहिल्याने साफ करायचे, दुसऱ्याचा लाल रंग मारून थांबायचे, पुसायचे, मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल, तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चेनरेषा मोजायची, बोल्टचा दर्जा डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा कोरलेला पाहायचा, प्लेटची पावती पाहायची. आयटीआयच्या वेल्डर आणि फिटर अभ्यासक्रमातल्या निदेशकाला यातले काही नवीन नाही. राज्यात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत.

एक आक्षेप रास्त आहे. परवानगी दिली, तर स्टंट करणाऱ्यांना रान मोकळे होईल. पण स्टंट करणाऱ्याला परवानगीची गरज कधीच वाटली नाही. ज्याला आपली गाडी राजरोस ठेवायची आहे, तोच तपासणीच्या रांगेत उभा राहील. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, तो म्हणजे चालवायची कुठे. मिरा-भाईंदरच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तिथे मनाई. खाडीला कांदळवन, तिथे गाडी घालणे गुन्हा आणि योग्यच गुन्हा. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांच्या मधून कोणी डर्ट बाइक पळवावी, असे कोळणींना वाटणार नाही आणि त्यांचेच खरे. पुण्यात बालेवाडीला जानेवारी 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची सुरुवात झाली, हजारोंनी प्रेक्षक आले. मुंबई महानगरात मात्र सरावासाठी एक मातीचा ट्रॅक नाही म्हटले तरी चालेल अशी स्थिती आहे. घोडबंदरच्या पट्ट्यातल्या बंद पडलेल्या दगडखाणींची जागा यासाठी पाहायला हरकत नाही, पण तो वेगळा लेख होईल.

कायदा बदलण्यासाठी संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 52 मधली तरतूद बदलली. वाहनातल्या बदलांसाठी तपशील, मंजुरीच्या अटी आणि किट बसवण्याचे नियम केंद्र सरकार ठरवू शकते, असे त्यात म्हटले आहे. विशिष्ट हेतूसाठी सूट देण्याचा अधिकारही त्याच कलमात आधीपासून आहे. हवे आहेत ते नियम. सुरुवात फक्त स्पर्धेच्या आणि बंदिस्त ट्रॅकच्या गाड्यांपासून करता येईल: इंजिनाच्या पावतीसह, सीआयआरटी किंवा एआरएआयच्या एका पानाच्या तपासणी अहवालासह, नोंदणी पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवून. राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात मिरा-भाईंदरचा काही भाग येतो, आणि 2025 मध्ये शहराला एमएच-58 हा स्वतःचा आरटीओ क्रमांकही मिळाला. प्रस्ताव मुंबईहून दिल्लीला जायला हवा. तो लिहायला लागणारे तज्ज्ञ पुण्याच्या पलीकडे शोधावे लागणार नाहीत.